कोपऱ्यावरचा आवाज

शार्दूलच्या पुण्यतिथीला यंदा त्याचा मित्र केतन एकटाच आला.

“बाकीचे कुठायत?” शार्दूलच्या वडिलांनी, भालचंद्ररावांनी विचारलं.

“कुणी नाही येणार, काका. जपानी गाडी घ्या, इंजिन बदला, सायलेन्सर बदला, हे वेड संपलं आता. सगळ्यांनी गाड्या विकल्या. माझीही गेली. ही विजेवरची, हिला आवाजच नाही.”

मुलगा काविळीने गेला, तेव्हापासून दरवर्षी या दिवशी त्याचे मित्र गाड्या दारात उभ्या करून एकदम रेस करत. तीच त्यांची श्रद्धांजली. शार्दूलशी याच आवाजावरून रोज भांडलेले भालचंद्रराव तेव्हा कानांवर हात ठेवून आत बसत.

केतन गेल्यावर ते शार्दूलच्या गाडीत जाऊन बसले. केतननेच ती आजवर चालती ठेवली होती. किल्ली फिरवून त्यांनी भीतभीत ॲक्सिलरेटर दाबला. खिडक्यांची तावदानं थरथरली.

पिठाच्या हातांनी बायको धावत बाहेर आली. पूर्वी हा आवाज कोपऱ्यावर आला, की ती तवा चढवायची. ओशाळून त्यांनी किल्लीला हात घातला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आत्ता कोपऱ्यावर आल्यासारखा वाटतोय.”

त्यांनी पाय उचलला नाही. टाकीत पेट्रोल फारसं नव्हतं.