वामकुक्षी

नवऱ्याच्या नाकातल्या नळीतून पेज देऊन होताच सुलभाताई दांडा फिरवून पलंगाची उशाकडची बाजू खाली करू लागल्या.

“आजी, तासभर डोकं वरच हवं. रोज सांगते मी,” सिस्टर म्हणाली.

“अगं, जेवल्यावर वामकुक्षी घेतल्याशिवाय चैन पडत नाही यांना. चाळीस वर्षं बघतेय.” सिस्टरची पाठ वळताच रोजच्यासारखा पलंग सपाट झाला.

आठवड्याने ताप चढला. डॉक्टर म्हणाले, “आडवं असताना पेज उलटून फुप्फुसात गेली असणार. तिथं जंतुसंसर्ग झालाय.”

तीन दिवसांनी त्यांचा देह नेल्यावर समोरच्या खाटेवरच्या पेशंटची बायको म्हणाली, “किती केलंत हो त्यांचं.”

सुलभाताई रिकाम्या पलंगाचा दांडा फिरवत होत्या. उशाकडची बाजू पूर्ण वर आली, तरी फिरवतच राहिल्या.