हिरवं बटण

"माउस जरा वर घ्या," पल्लवी म्हणाली, आणि गोरक्ष साळवेंनी माउस टेबलावरून उचलून हवेत धरला.

चूक त्यांची नव्हती. पडद्यावरचा बाण वर न्यायचा तर हातातला माउस पुढे सरकवायचा, हे डोळस माणसाला सांगावं लागत नाही. साळवे जन्मांध होते. नाशिकच्या त्या रुग्णालयात येणारा प्रत्येक फोन इतकी वर्षं तेच घेत आणि ज्या त्या वॉर्डाला जोडून देत. जुन्या बोर्डावरचे खटके बोटांनी चाचपून कळायचे. तो बोर्ड काल काढून नेला. आता फोन कॉम्प्युटरवर येणार होता; उचलायचा तर बाण हिरव्या बटणावर नेऊन क्लिक करायचं. पल्लवी पुण्याच्या कंपनीकडून हेच शिकवायला आली होती. शिकणारा कोण, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने त्यांच्या हातावर हात ठेवून माउस फिरवून दाखवला. मग हात काढून घेतला. साळवे मन लावून एकटेच फिरवत राहिले.

"मॅडम, आता मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

बाण तिला दिसत होता, पण तो कुठे आहे हे त्यांना कळेल असं सांगता येईना. तिने पुण्याला फोन लावला. कीबोर्डवर चालण्याची सोय पुढच्या वर्षी होईल, तोवर सांभाळून घ्या, असं तिथले म्हणाले.

साळवेंनी दुपारी डबा उघडला नाही. हळूच म्हणाले, "साहेबांनी विचारलं तर येतंय म्हणा. नाहीतर उद्यापासून स्टोअरच्या दाराशी स्टूल देतील. पगार चालू राहील हो, पण नुसतंच बसायचं."

संध्याकाळी साहेबांनी विचारलं. पल्लवीने एकदा साळवेंकडे पाहिलं.

"येतंय," ती म्हणाली.

साहेब खूश झाले. तिला बसस्टँडला सोडायला त्यांनी गाडी काढायला सांगितली. साळवेंनी उठून तिच्या आवाजाच्या दिशेने हात जोडले. तिने बॅग उचलली.

ती जिन्यापर्यंत पोचली, तोच मागे कॉम्प्युटरवर घंटी वाजू लागली. ती थांबली. घंटी वाजतच राहिली. मग माउसची टिक ऐकू आली, आणि पाठोपाठ साळवेंचा रोजचा, स्वच्छ आवाज.

"नमस्कार, बोला."

घंटी वाजतच होती.