फार्मचा नियम

सोनोग्राफीच्या पडद्यावर घोडीच्या बीजाची पिशवी पस्तीस मिलिमीटर भरली होती. मी हार्मोनचं इंजेक्शन दिलं आणि आता घोडा लावा, बीज सुटल्यावर आठव्या दिवशी गर्भ काढून दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवायला ठेवू, असं पडेगावच्या फार्मचे मालक लिंबाजीराव यांना सांगितलं.

"घोडा मी आधीच तपासून घेतला, डॉक्टरीणबाई," ते ऐटीत म्हणाले. "मागं एका बिनकामाच्या घोड्यापायी माझ्या घोडीला वर्षभर फुकट सुया टोचल्या. तवापासून नर तपासल्याबिगर मादीला हात लावू देत नाय मी!"

चार वर्षं मुलासाठी अशाच सुया पोटात टोचून घेणारी त्यांची सून सायली घोडीची दोरी धरून उभी होती.



"मामंजी," ती म्हणाली, "उद्यापासून माझ्या सुया बंद. आधी तुमच्या लेकाची तपासणी."