कायम

हेमांगीने दादांच्या, तिच्या वडिलांच्या, कानामागच्या स्विचला वायर जोडली. पक्षाघाताच्या झटक्यामुळे मेंदूत तुटलेल्या वाटा असे स्विच वळसा घालून जोडून देत. ते बसवण्यात तिची उमर गेली होती, पण सगळे 'सेतू' कंपनीचे. दादांच्या नशिबी मात्र 'मेरू'चा आला होता.

"मॅडम, सेतूत आज्ञा दिली की काम झालं," तिचा सहकारी बेंद्रे म्हणाला. "मेरू आधी थोडा वेळ नुसतं करून बघतो. तेवढ्यात 'कायम' दाबलं नाही, तर सगळं पूर्ववत. आणि मेंदू तीच वाट दुसऱ्यांदा घेत नाही."

"माहितीये रे," म्हणत तिने आज्ञा दिली.

झटका आल्यापासून दादा तिला 'बाई' म्हणत होते. आता त्यांनी मान वळवली आणि तिच्याकडे बघतच राहिले.

"हेमे, केस का गं कापलेस? किती लांबसडक होते!"

बेंद्रे डोळे पुसत हळूच बाहेर गेला. हेमांगीने स्क्रीन बाजूला सारली आणि दादांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"वाढवते परत, दादा."

"वाढव. आणि चहा टाक. आलं घालून."

"टाकते हं," ती म्हणाली, पण उठवेना. दादा तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग हात थांबला. त्यांनी तो संकोचून मागे घेतला.

हेमांगी धडपडत स्क्रीनकडे वळली. 'कायम'चं बटण विझलं होतं.

"रडू नका, बाई," दादा अदबीने म्हणाले. "माझी मुलगी येईलच एवढ्यात, ती बघेल तुमचं काय ते. लगेच ओळखाल तिला. केस लांबसडक आहेत तिचे."