आईच्या आवाजाची संमती

आईचा आवाज वापरायला दिलेली संमती आणखी वर्षभर वाढवायची होती, म्हणून मंजिरी उपचार केंद्रात सही करायला आली होती. काचेपलीकडे पाच वर्षांची स्वमग्न रेणू उंच खुर्चीत कानांवर हात घट्ट दाबून बसली होती, आणि गेल्या वर्षी वारलेली मंजिरीची आई भिंतीतल्या स्पीकरमधून तिला सांगत होती, "माझ्या डोळ्यांत बघ. बघितल्याशिवाय खाली उतरायचं नाही."

समोरच्या पडद्यावर नुसते दोन डोळे होते. ते आईचे नव्हते.

मंजिरी काचेपासून मागे वळली. "आई असं कधीच म्हणाली नसती," ती डॉक्टर धामणकरांना म्हणाली. "तीस वर्षं तिनं स्वमग्न मुलांना बोलायला शिकवलं. मुलाकडे पाठ करून जमिनीवर बसायची आणि वाट बघायची."

"त्यात महिने जायचे हो, ताई. आता तीन आठवड्यांत मूल डोळ्यांत बघतं. आईंचं केवढं नाव झालंय!"

रेणूनं मान वर केली.

"शाब्बास, माझं पाखरू," भिंत म्हणाली.

ती हाक फक्त घरातली, मंजिरीसाठीची होती. "ही कुठून आणलीत?"

"यंत्राला आवाज शिकवायला तुम्हीच नाही का दिलेत तुमच्या दोघींचे फोन कॉल? सगळेच्या सगळे."

दिले होते. बाराव्याच्या दिवशी, आईचं काहीतरी मागे राहावं म्हणून.

सही न करताच मंजिरीनं कागद परत सरकवला, दार ढकलून ती आत गेली आणि म्हणाली, "बंद करा हे."

तिचा आवाज हुबेहूब आईसारखा होता. रेणूनं दचकून कानांवरचे हात काढले आणि पापणीही न लववता ती मंजिरीच्या डोळ्यांत बघत राहिली.