तापायच्या आत

निकेशचा कीबोर्ड थोडा वेळ वाजला की तापायचा, आणि तापला की आपल्याच मर्जीनं वरातीचा ढोल बडवायला लागायचा. दुरुस्तीचा खर्च ऐकून निकेशला घाम फुटला आणि त्यानं तो सरळ विकायलाच काढला.

वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक मनसारामभाऊ तो बघायला चामोर्शीला आले. निकेशनं जीव ओतून मरणाच्या प्रवेशाची अशी धून वाजवली की भाऊंनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. तेवढ्यात त्यानं पटकन बटण बंद केलं.

"काऊन थांबला बाबू? वाजव ना आणखी."

"नाई भाऊ, याच्या पुढं मलेच रडू येते."

भाऊ एकदम खूश. सौदा तिथल्या तिथं पक्का झाला. कीबोर्ड गाडीत चढला तशी निकेशला मनातल्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. दिवाळी झाली की गावोगावी रात्रभर नाटकं. इकडं हिरॉइन शेवटचा श्वास घेणार, तिकडं धडाधड ढोल सुरू होणार, आणि सारा मांडव त्या वादकाकडं बघणार. काय तोंड होईल बिचाऱ्याचं!

गाडी सुरू करून भाऊंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आमचा वादक सोडून गेला बाबू, नवा शोधून राह्यलो होतो. आता तुह्यासारखा कुठी भेटते?"



भाऊंनी गाडीतल्या कीबोर्डकडं बोट दाखवलं. "दिवाळीपासून याच्यावर तूच बसजो, पयला प्रयोग तुह्याच गावात लावतो!"