डाव्या बाजूची पावलं

सत्यम पुन्हा डावीकडून मेला.

"अबे, जिन्यावर पावलं वाजत होती की," शेजारी बसलेला अंगद म्हणाला. "तुझ्याकडंच यायलता तो. ऐकू न्हाई आलं?"

"नेट गंडलंय," सत्यम म्हणाला आणि फोन मांडीवर ठेवला.

केजच्या बसस्टँडमागं एक अभ्यासिका आहे. तिच्या वरच्या खोलीत दोघं पोलीस भरतीसाठी राहत होते. पहाटे धावणं, मग पुस्तकं, आणि दुपारी जेवण झालं की फोनवर हा बंदुकीचा खेळ, दोघांची जोडी करून. घरी सांगताना पहिल्या दोनच गोष्टी सांगायच्या, असं न ठरवताच ठरलेलं होतं.

ह्या खेळात आपलं तोंड आपल्याला दिसत नाही. समोर दोन हात, हातात बंदूक, एवढंच. बाजूचं आणि मागचं सगळं कानांवर सोपवायचं. फळीवर पाऊल वेगळं वाजतं, खडीवर वेगळं. डावीकडचा माणूस डाव्या कानात चालतो, उजवीकडचा उजव्या. दार उघडायच्या आधीच पलीकडं कुणीतरी उभं आहे हे कळतं आणि अंगावर काटा येतो. चित्रानं भारी असलेले कितीतरी खेळ दोघांनी टाकून दिले होते. हा मात्र सुटत नव्हता. सत्यमच्या आईनं, भिवराबाईनं, एकदा विचारलं होतं की एवढं काय हाय त्यात. "मावशी, ह्यात कानानं बघायचं असतं," अंगदनं समजावलं. "मग डोळे मोकळेच हायत की. पुस्तकात घाला," म्हणून ती कामाला लागली होती.

आणि कान सत्यमचाच तिखट. दोघांत आधी त्यालाच चाहूल लागायची. आता मात्र रोज डावीकडून कुणी ना कुणी येत होतं आणि त्याला सावकाश मारून जात होतं.

"इअरफोन दे तुझा," अंगद म्हणाला. त्यानं तो स्वतःच्या कानाला लावून बघितला. दोन्ही बाजू ठणठणीत होत्या. मग त्यानं तो परत दिला. "आता उलटा घाल. डाव्यातलं उजव्यात."

"कावून?"

"घाल तर."

खेळातल्या सरावाच्या खोलीत दोघं एकमेकांविरुद्ध उतरले. अंगद खडीवरून हळूहळू सत्यमच्या डाव्या बाजूला गेला. सत्यम झर्रकन उजवीकडं वळला आणि तिथल्या भिंतीवर सगळ्या गोळ्या रिकाम्या केल्या. डावीकडचा आवाज उजव्या कानात सोडल्यावर त्याला लख्ख ऐकू आला होता.

इअरफोन चांगला होता.

सत्यमनं तो काढून उशीवर टाकला.

"कवापासून?" अंगदनं विचारलं.

"मिरवणुकीपासून."

निवड यादीत सत्यमचं नाव आलं तेव्हा गावानं मिरवणूक काढली होती; मेडिकल बाकी म्हणून खोली तेवढी सोडली नव्हती. डीजे अंगदनंच आणला. डीजेवाला त्याच्या ओळखीचा होता. सत्यमला हार घालून, गुलालानं माखून, नवरदेवासारखं गाडीवर चढवलं आणि स्पीकरच्या भिंतीला लागून उभं केलं. वेशीपासून मारुतीपर्यंत त्याचा डावा कान त्या भिंतीकडंच होता. अंगद खाली नाचत होता. त्याचं स्वतःचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, सगळ्यात वर, तरीही तो मनापासून नाचला होता.

"डॉक्टरला दाखवलं का? काय म्हणले?"

"ऐकू आलं तर यील, म्हणले." सत्यम हसला. "सोमवारी बीडला मेडिकल हाय. एक कान झाकायला लावत्यात आन् मागून हळू बोलत्यात म्हणं."

"मग?"

"मग काय. मला काढत्याल, तुला बोलवत्याल. चांगलंच हाय की, जागा गावातच ऱ्हाईल."

"येड्यावानी बोलू नको," अंगद म्हणाला.

त्याला खरंच वाईट वाटलं. पोराला नोकरी लागली म्हणून ह्या साली भिवराबाई आणि तिचा नवरा ऊसतोडीला जाणार नव्हते. तिनं मुकादमाला तसं तोंडावर सांगितलंही होतं. पण पुढच्या भरतीला अंगदचं वय बसत नव्हतं. वाईट वाटता वाटताच छातीवरचं ओझं कुणीतरी उचलावं तसं त्याला हलकं वाटलं, आणि त्याची त्याला मनस्वी लाज वाटली.

उन्हाची तिरीप आत येत होती. अंगद उठला, खिडकी लोटली आणि येऊन कॉटवर दुसऱ्या बाजूला बसला. सत्यम मान खाली घालून पुढच्या डावासाठी बंदुका निवडत होता. त्याचा डावा कान आता अंगदच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

"सत्या," अंगद अगदी हळू म्हणाला, "सोमवारी तू नापास व्हावा असं वाटायलंय मला."

सत्यमचा अंगठा पडद्यावर सरकत राहिला.

"तुला ती लांबून मारायची घेऊ का?" जरा वेळानं त्यानं विचारलं. "तुला आवडती ती."

"घे."

डाव सुरू झाला. पडद्यावर दोघं शेजारीशेजारी एका मोडक्या गल्लीत उतरले. सत्यम दोन पावलं गेला आणि थांबला. एकदा इकडं, एकदा तिकडं वळून बघू लागला.

"सारखं वळू नको," अंगद म्हणाला, या खेपेला मोठ्यानं. "तू उजवीकडं ध्यान दे. डावीकडं मी हाय."